हात शाबूत, स्टीयरिंग ढिलं

मी, प्रफुल्ल शालिकराम कापगते, वय पंचावन्न, व्यवसाय संस्कृत शिकवणे, राहणार हुडको, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. बुद्धी जागेवर आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. घरात माझं कोणी ऐकतच नाही, तेव्हा दडपण आणायची तसदी तरी कोण घेणार? दोन्ही हात धडधाकट आहेत. हे वाक्य अशा कागदात सहसा नसतं, पण सगळा वाद त्याच्यावरूनच आहे, म्हणून आरंभीच नोंदवतो.

कलम १. राहतं घर पत्नी गीतांजली हिला. तिने ते माझ्या हयातीतच ताब्यात घेतलेलं असल्याने वेगळा ताबा देण्याची गरज नाही. मागच्या खोलीतली पुस्तकं तिने रद्दीत घालू नयेत. घातलीच, तर व्याकरण आणि न्याय निदान वेगवेगळे बांधावेत.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलगी उन्नती यांना निम्मी-निम्मी. याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. शिल्लकही तशीच आहे.

कलम ३. आमचे वडील साकोलीकडची शेती सोडून इथल्या स्टील प्लांटात लागले आणि रोलिंग मिलमधून निवृत्त झाले. त्यांची पान्यांची पेटी धाकटा भाऊ हेमराज, राहणार वैशाली नगर, याला. तोही प्लांटातच आहे. त्याने ती एकदा उघडून पाहावी, एवढीच अट.

कलम ४. गाडी. आता मुद्द्यावर येतो.

ही लहान पांढरी गाडी वडिलांनी निवृत्तीनंतर घेतली आणि त्यांच्यामागे मी चालवतो. गेलं वर्षभर तिचं स्टीयरिंग ढिलं आहे. दोन बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नसतो; मग एकदम काही आठवल्यासारखी वळते. मरोद्याच्या वळणावर डावीकडे घेताना पायाखाली 'टक्' वाजतं आणि गाडी क्षणभर आपल्या मर्जीने सरळ जाते.

मेकॅनिक नरेश म्हणतो, "थोडा प्ले तो रहता है, गुरुजी." प्ले म्हणजे खेळ. ईश्वराने हे जग लीला म्हणून रचलं, असं मानणाऱ्यांत मी शिकलो. पण समोरून गिट्टीचा ट्रक येत असताना मला लीला नको असते. नरेशने अलाइनमेंट केली, पुढचे टायर बदलवले, टाय रॉडची टोकं नवी घातली. 'टक्' होतं तिथेच आहे. दर वेळी तो गाडी जॅकवर उचलतो, लटकलेली चाकं हलवतो आणि "सब टाइट है" म्हणतो. अरे बाबा, ज्याचा गुडघा चालताना दुखतो त्याला खाटेवर निजवून "आता दुखतो का?" विचारून काय उपयोग? गाडी जमिनीवर, स्वतःच्या भारावर उभी हवी. एकाने आत बसून स्टीयरिंग जरा जरा डावं-उजवं करावं आणि दुसऱ्याने खाली पाहावं, की हातातली हालचाल चाकापर्यंत जाताना वाटेत कुठे हरवते. याला माणसं दोन लागतात. वर्षभरात मला दुसरा माणूस मिळाला नाही. नरेशला वेळ नाही. गीतांजलीला बसवलं तर तिने जात्यासारखं गरगर फिरवलं. हेमराजला खाली पाहा म्हटलं तर त्याची पॅन्ट नेहमीच नवी असते.

वर तो म्हणाला, "दादा, गाडी ठीक हाय. तुयेच हात ढिले झाले. बाबाचे बी असेच झाले होते."

वडिलांचे हात शेवटी थरथरत. चहा कपापेक्षा बशीत जास्त असे. ते मी रोज पाहिलं आहे, म्हणून हेमराजचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. काठोकाठ भरलेला पेला धरून अंगणात उभा राहिलो. थेंब सांडला नाही. मग हेमराजची गाडी मागून मरोद्याच्या त्याच वळणावर नेली. 'टक्' नाही. हात तेच, वळण तेच, गाडी बदलली आणि दोष गेला. याला आम्ही अन्वय-व्यतिरेक म्हणतो. हेमराज म्हणाला, "याच्यात माही गाडी चांगली हाय, एवढंच साबित झालं."

गेल्या रविवारी घरच्यांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. उन्नतीला राजनांदगावला नोकरी लागली आहे. सोमवारपासून ती हीच गाडी घेऊन जाणार. मी ओरडलो. ती म्हणाली, "पापा, टेन्शन मत लो ना. मी हळू चालवीन." हळू चालवल्याने ढिले नट घट्ट होत नाहीत, बेटा. माझे हात बिघडले असतील तर मी बसने हिंडेन, कुरकुर करणार नाही. पण गाडी बिघडलेली असेल, तर तुम्ही ती बिघडलेली गाडी माझ्या एकुलत्या एका मुलीच्या हातात देत आहात.

म्हणून असं ठरवतो की, वर सांगितल्याप्रमाणे दोन माणसांनी तपासणी करून दोष काढेपर्यंत ही गाडी उन्नतीने चालवू नये. जो तिला किल्ली देईल, त्याचा माझ्या मालमत्तेवरचा हक्क संपला.

इथवर लिहून सहीसाठी साक्षीदार बोलावले: हेमराज आणि शेजारचे, रेल्वेतले मित्र सुमेध खोब्रागडे. पुढे काय झालं तेही इथेच नोंदवतो.

सुमेधने कागद नीट वाचला. म्हणाला, "सर, हे तर तुमी गेल्यावर लागू होईन. पोरगी परवा जाऊन राहिली."

हेमराज पोट धरून हसला. जन्मभर तर्क शिकवला आणि हे सुचलं नाही. त्या रागात मी पेन त्याच्यासमोर सरकवलं. "बरं. मेल्यानंतरचं राहू दे. लिहून देणारा धडधाकट आहे, असं लिही आणि सही कर."

त्याने पेन उचललं आणि थांबला. "हात सोडून लिहू का?"

"नाही. पुरा माणूस लिही. नाहीतर बाहेर चल, गाडीखाली पाहू."

स्वयंपाकघरातून गीतांजली ओरडली, "जा न भाऊजी एकदाचे! वर्षभर त्या टकटकीनं माहं डोस्कं खाल्लं."

हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या. मी बसू लागलो तर हेमराजने अडवलं. "तू नोको बसू. तुया हातावरच तर शक हाय." सुमेध बसला. हेमराज पॅन्ट सांभाळत उभा राहिला, तेव्हा उन्नतीच सतरंजी टाकून मोबाइलचा उजेड घेऊन आडवी झाली. सुमेध स्टीयरिंग हलवू लागला. टक्. टक्.

"रुको, रुको. अंकल, फिर से." मग खालून, ती आता घरातही क्वचित बोलते त्या साकोलीकडच्या मराठीत, ओरडली, "पापा, हे अख्खंच हलून राहिलं!"

चाकं वळवणारी आडवी रॅक बॉडीला जिथे आवळलेली असते, तिथला रबर कुजून गेला होता आणि एका बाजूचा बोल्ट नुसता टांगलेला होता. आधी रॅक सरकायची, मग चाकं वळायची. मधला तो 'टक्'.

उन्नती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. किल्ली तिनेच माझ्या हातात ठेवली. हेमराज पॅन्ट झटकत म्हणाला, "मी तं म्हणतच होतो, नरेशले काही समजत नाई."

सबब खालील दुरुस्त्या. कलम ४ मधली बंदी रद्द. रबर आणि बोल्ट नवे बसले की गाडी उन्नतीची, माझ्या मरणाची वाट न पाहता. तोवर तिने लोकलने जावं. कलम ३ मधली पेटी हेमराजऐवजी उन्नतीला. साक्षीदाराने वारसा घेऊ नये, हा जुना संकेत आज फार सोयीचा वाटला. हेमराजला ती सतरंजी मिळेल. वारसा म्हणून नव्हे. पुढच्या वेळी खाली वाकता यावं म्हणून.

माझी सही जरा डावीकडे ओढली गेली आहे. तिथे दोष हाताचाच आहे. कोणी खाली वाकून पाहू नये.

प्रफुल्ल शालिकराम कापगते
हुडको, भिलाई
शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:

१. सुमेध खोब्रागडे, हुडको. सरांनी माझ्यासमोर सही केली. स्टीयरिंग मी हलवलं होतं.

२. हेमराज शालिकराम कापगते, वैशाली नगर. दादाने माझ्यासमोर सही केली. लिहून देणार धडधाकट हाय. हातासकट.