बारा वड्यांचे आकडे

९ सप्टेंबर २०२४, अमरावती

बारावी वडीही वाया! वीज ठीक आहे – बाहेरचं विद्युत क्षेत्र उलटं केलं की वडीतल्या ध्रुवांची दिशाही उलटते. पण चुंबकत्व? नावापुरतं. बिस्मथ फेराइटची पूड दाबून केलेल्या एकाच वडीत दोन्ही हवं, तेही भरपूर – आमच्या लॅबच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, किशोरदादाच्या गाजलेल्या पेपरात आहे तसं. माझे पीएचडीचे गाईड गावंडे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुह्या हातालेच गुण नाही, मंजुषा." हाताला! चार वर्षं पूड घोटून घोटून हाताला घट्टे पडलेत.

१२ सप्टेंबर

लॅबचे शेषरावकाका भांडी धुता धुता सहज बोलून गेले – "किशोरभाऊ तं घरचा लोखंडी खलबत्ता आनत जाय. आपला अगेट दगडाचा खल फुटला होता ना तवा!"

लोखंडी! म्हणजे ते चुंबकत्व खलबत्त्याचं. लोखंडाचा चुरा पुडीत मिसळला. त्यावर पेपर, पेपरावर सरांची बढती, आणि त्यामागे धावण्यात माझी चार वर्षं. शी!

१३ सप्टेंबर

सरांना सांगितलं. दचकलेसुद्धा नाहीत. "मंग तू बी त्याच्यातच घोट ना. कोन पाहून राहिलं?" वर माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले, याचीच जास्त किळस येतेय.

१५ सप्टेंबर

रविवार. अकोल्याला गेले. किशोरदादा तिथे कॉलेजात शिकवतो, जठारपेठेत राहतो. वाटलं होतं, हात झटकेल. उलट म्हणाला –

"मले तवा समजलंच नाही व. आता मासिकाले पत्र लिहितो, पेपर मागं घ्या म्हनतो. नोकरी गेली तं गेली. पन तुह्या बारा वड्यांचे आकडे पाठव. त्याच्याबिगर कोनी ऐकनार नाही."

पाठवते म्हणाले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१८ सप्टेंबर

सरांना स्पष्ट सांगून टाकलं – आकडे पाठवणार! आवाजही चढवला नाही त्यांनी. "पेपर गेला का तुहा प्रबंधही गेला. तीस तारीख शेवटची, मुदत वाढनार नाही." दर गुरुपौर्णिमेला ह्या माणसाच्या पाया पडत होते मी!

३० सप्टेंबर

प्रबंध जमा केला. सहाव्या प्रकरणात चुंबकत्व भरपूर आहे.

किशोरदादाचे सकाळपासून तीन फोन. उचलले नाहीत.