आधी विचारायचं

प्रिय ज्ञानू,

सकाळपासून तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाहीये. फोनवर तू ‘आई, ऐक ना गं’ म्हणतोस आणि मी विरघळते, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहितेय. झालं की फोटो काढून पाठवीन. तू सांगितलं होतंस तशी मी ईशाशी बोलले. काय बोलले ते सांगणारच आहे, पण मला माझ्या चालीनं सांगू दे.

आज ड्यूटीला गेले नाही. बाबा अजून रास अल खैरलाच आहेत, प्लांटचं शटडाउन चालू आहे. मलाझच्या या घरात मी एकटी. खाली ताजुद्दीनच्या दुकानात खबूसची रोटी आणायला गेले, तर त्यानं विचारलं, ‘बेटा कैसा है पूना में?’ मी ‘अच्छा है’ म्हणाले आणि खबूस तिथंच विसरून जिना चढून आले.

लहानपणी तू ‘मुमकिन’ खेळायचास, आठवतं? इमर्जन्सीत पेशंटच्या मनगटाला हात लावण्याआधी मी विचारते, ‘मुमकिन?’ म्हणजे, हात लावू का, चालेल का. तापानं फणफणलेली बाई असो की अपघातातला ड्रायव्हर, मान हलली की मगच हात लावायचा. तू एकदा माझ्यासोबत आला होतास तेव्हा हे ऐकलंस आणि घरी घेऊन आलास. माझ्या ताटातला पापड उचलायचा, तर ‘मुमकिन?’ बाबांच्या पोटावर उडी मारायची, तर ‘मुमकिन?’ मी मुद्दाम ‘ला’ म्हणायचे, नाही म्हणायचे. मग तू हात मागे घेऊन पापडाकडे टक लावून बसायचास. एवढासा होतास. पण तुला कळत होतं.

तू पुण्याला निघालास तेव्हा मी तुला कुकर दिला, खजूर दिले, पांघरायला जाड रजई दिली. समोरच्या आमिनाची मुलगी त्याच वर्षी हैदराबादला शिकायला गेली. आमिना तिला रोज समोर बसवून सांगायची, रिक्षाचा नंबर पाठव, ग्लास टेबलावर सोडून उठू नकोस, कुणाकडे जातेस ते मैत्रिणीला कळव. मी तिथंच चहा पीत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, सुटलो बाई, आपल्याला मुलगा आहे. इथल्या शाळेत मुलांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा. हळदीकुंकवाला जमलो की आपल्या सगळ्या बायका म्हणायच्या, इथं आखातात मुलं वाढवायला काही काळजी नाही. मीही म्हणायचे. हे कारण म्हणून सांगत नाहीये, आणि तूही वकिलासमोर हे कारण म्हणून पुढे करू नकोस. पापडाचं ज्याला कळत होतं, त्याला हे कळलं नाही, असं मी मानणार नाही.

ईशाला तिच्या आईनं सगळं शिकवलं होतं आणि तिनं ते सगळं केलंही होतं. तुझ्या फ्लॅटवर येताना मैत्रिणीला पत्ता पाठवला. रूममेट गावाला गेलेत हे कळल्यावर म्हणाली, चल, बाहेर जेवू. तू दाराला कडी लावलीस. ती नको म्हणाली, पुन्हा म्हणाली, मग रडायला लागली. तुमचं जमलं होतं, म्हणून याला दुसरं नाव मिळत नाही. ही बळजबरीच आहे, ज्ञानू. मी नर्स आहे, अशा पोरींच्या उशाशी बसलेली आहे. शब्द बदलून मला फसवता येत नाही.

दिवाळीआधी याच मुलीनं मला फोन करून शंकरपाळ्यांचं प्रमाण विचारलं होतं, तुझ्यासाठी करायच्या म्हणून. या वेळी फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, ‘काकू, तुम्ही त्याच्याच बाजूनं बोलणार ना?’ तू मला त्यासाठीच तर गळ घातली होतीस. ‘आई, तिला समजाव. कंप्लेंट नको करू म्हणावं. माझं करिअर जाईल. तुझं ती ऐकेल.’

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं स्वप्ना, आपला मुलगा आहे तो.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच.’ वकिलाचं ते बघताहेत. तो तुझा हक्क आहे, त्याच्या आड मी येणार नाही.

तर मी तिला समजावलं. कपडे धुऊ नकोस, कागदी पिशवीत ठेव, हे समजावलं. मैत्रिणीला घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा, तक्रारीचं ठरलं नसलं तरी उपचार कुणी नाकारू शकत नाही, हे समजावलं. पुढचं तू ठरवायचंस, आणि चूक तुझी नाही, हे ती रडायची थांबेपर्यंत सांगत राहिले. ती हॉस्पिटलात जाऊन आली. तक्रार करायचं तिनं काल ठरवलं. तिला फोन करू नकोस, हॉस्टेलवर जाऊ नकोस, मित्रांना मध्ये घालू नकोस, मोबाइलमधलं काही पुसू नकोस. माझा एक्झिट री-एंट्री व्हिसा मिळाला आहे, उद्याच्या विमानानं येतेय. आधी ईशाकडे जाईन, तिनं बोलावलंय. फोनवर तू मला म्हणाला होतास, ‘ती नाही म्हणत होती गं, पण मुली म्हणतातच तसं.’ पोलिसांनी विचारलं, की हे वाक्य मी जसंच्या तसं सांगणार आहे. ते तुला आधी कळावं, आणि माझ्याच तोंडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. तिथून तुझ्याकडे येईन. बेल वाजवून बाहेर उभी राहीन. तू दार उघडलंस तर आत येईन, आणि मग आपण दोघं चौकीवर जाऊ.

खाली लिहितेय त्याहून दुसरा शब्द खरा ठरला नसता,

तुझीच,
आई