जनरेटरच्या नंतर माझं नाव

१२ जानेवारी १९९९
हे आले. तीन वर्षांनी. टांझानियातल्या मिशनच्या दवाखान्यात पंप नि जनरेटर सांभाळायला गेले होते. गाडी लेट, मी सकाळपासून नाशिकरोडला उभी. काळे पडलेत, पोट गेलंय. मला बघून पहिला शब्द काय, तर "वाळलीस गं." रिक्षात मधे बॅग.

१३ जाने.
वही बंद करणार होते. यांना पत्रात काय लिहायचं ते विसरू नये म्हणून सुरू केलेली. चौथी शिकलेली बाई मी, लिहायचा कंटाळा. पण माणूस समोर असून सांगता येत नाही असं लय साठलंय. चालू राहू दे.

१५ जाने.
भाकरी थापत होते. हे म्हणाले, "तिथं मीच थापायचो, मक्याची. नेमालापण शिकवली. आता तिची मस्त फुगते." नेमा म्हणजे तिथली स्वयंपाकीण. पंचवीस वर्षांच्या संसारात यांनी तव्याला हात लावला नाही. मी तापाने पडले की बेकरीतून पाव आणायचे. आणि तिकडे त्या बाईच्या शेजारी बसून भाकऱ्या! तवा आपटला.
"काय झालं?"
काय व्हायचंय.

१७ जाने., रविवार
चर्चमध्ये यांनी साक्ष दिली, तिकडचं सगळं उभं राहून सांगितलं. विहीर, साप, मलेरिया. मलेरियात नेमाने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तिथे बायकांनी डोळे पुसले. त्या सगळ्यात मी एकदाच आले, शेवटी. "माझ्या पत्नीने आनंदाने जाऊ दिलं." आनंदाने! कोणी विचारलं होतं मला?
बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "धन्य आहात बाई."
म्हटलं, मी कसली धन्य, नेमा धन्य. हसले. त्यांना गंमत वाटली.

२० जाने.
जेवणाआधी घरची प्रार्थना हे करतात, एकेकाचं नाव घेऊन. आज मोजलं. पहिली नेमा. मग तिची पोरं, डॉक्टर, ड्रायव्हर. मग जनरेटर. खरंच. "प्रभू, तो जनरेटर चालू ठेव." मग मनमाडची आमची रूथ, जावई. मग मी.
आमेन म्हटलंच नाही.

२४ जाने.
रूथ आली मनमाडहून. लगेच ओळखलं.
"आई, तू त्या नेमावर जळतेस."
"जळते. मग?"
"अगं, पप्पा काय तसले आहेत का?"
"तसले नाहीत तेच तर. असते तर केरसुणी घेऊन निस्तरलं असतं."
पोरगी हसून लोळली. मला नाय आलं हसू.

२८ जाने.
मिशनचं पत्र. दुसरा फिटर मिळेना, अजून दोन वर्षं या. यांनी वाचून दाखवलं, घडी केली, बायबलमध्ये ठेवलं. "तू म्हणशील तसं." हे बरंय. हो म्हटलं तर मी एकटी, नाही म्हटलं तर देवाच्या आड आलेली.
संध्याकाळी पाळकसाहेब हजर. "देवाचं काम आहे, बाई."
"देवाला अख्ख्या जगात नाशकातलाच फिटर सापडला का?"
हे खाली मान घालून हसत होते. बघितलं मी.

३० जाने.
विचारलं एकदाचं. "मी जनरेटरच्या नंतर का?"
आधी कळलंच नाही यांना. मग म्हणाले, "अगं सुशीला, लांबच्यांची नावं आधी. माझ्या आईची रीत. तिथं तीन वर्षं पहिलं नाव तुझंच होतं. नेमाला पाठ झालेलं. रोज विचारायची, सुशीलाचं पत्र आलं का."
म्हणजे तिकडे मी पहिली, नि घरात जनरेटरखाली.
म्हटलं, आज भाकरी तुम्ही करा. केली. जाड, कडा फाटलेल्या. चांगली होती. सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी
पत्र बायबलमध्ये नाही. उत्तर गेलं का, काय गेलं, हे सांगत नाहीत, मी विचारत नाही. स्टूल लावून माळा बघितला. बॅग आहे जागेवर.
संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. "प्रभू, सुशीलाला सांभाळ."
पहिलंच. नेमाच्या आधी.
मी बोलले म्हणून घेतलं, का आता मी लांबची...
डोळे उघडून बघितलं. त्यांचे मिटलेलेच होते.