कापूरहोळला पाठवलेले मासे

भोर,
२० मे २०२५

प्रिय खालिदभाई,

सलाम. बंडूच्या टेम्पोतून आलेली पिशवी आधी मासे नसलेल्या टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेव, मग हे वाच. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

घरी सगळे बरे. अम्मीचा गुडघा कुरकुरतो, तरी आंबवड्याच्या लग्नात हौसेनं मिरवून आली. अब्बाही बरे आहेत.

वेल्ह्याच्या ओढ्यातला आपला डोह मात्र राहिला नाही. गेल्या पावसात वरून दरड आली. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही गेलो, तर अब्बा गुडघाभर गाळात उभे आणि जाळ्यात नुसता चिखल. दरवर्षी तिथूनच थोडे पट्टेरी मासे आणून त्यांनी टाकी चालवली. घरी माशांकडून अंडी घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. घरात उरले ते सगळे म्हातारे मासे.

तू त्या टाकीत सोनेरी, लांब शेपटीचे मासे सोडलेस, तेव्हाचं भांडण मला उकरायचं नाही. दोन्हींच्या मिसळीची पिल्लं देखणी होती, हे मी तेव्हाही म्हणाले होते. अब्बा म्हणाले, "असली झालर घिऊन वेल्ह्याच्या धारंत एक दिस तरी टिकंल का?" तू म्हणालास, "काचेतल्या माशाला धार कशाला लागतीय?" आणि कापूरहोळला जाऊन दुकान टाकलंस.

यंदा मी तुझंच बघून शिकलेलं केलं. नर-मादी वेगळे ठेवले, तळाला गोट्या पसरल्या, संध्याकाळी गार पाणी घालून त्यांना एकत्र सोडलं. सकाळी गोट्यांच्या फटीत अंडी! पहिली बुरशीनं गेली. दुसऱ्या वेळी पिल्लं निघाली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घातला. अब्बा टाकीसमोरून हलेनात.

"हे कुठं शिकलीस गं?"

"खालिदभाईचं बघून."

त्यांनी बलकाचं फडकं माझ्या हातातून घेतलं.

आता पिल्लांवर निळे पट्टे उमटलेत. काल अब्बाच म्हणाले, "समदे एकाच घरात नकोत. लाईट गेली, पंप बंद पडला, की वंशच बुडाला."

"मग कुणाकडं द्यायचे?"

आज सकाळी निम्मी पिल्लं स्वतःच्या हातानं पिशवीत भरली आणि गाठ मारताना म्हणाले, "कापूरहोळला."

मी मुद्दाम विचारलं, "आणि त्यानं परत रंगीत मिसळले तर?"

"न्हाई मिसळायचा. त्याला यातलं लई कळतं. म्याच कधी त्याला म्हनलो न्हाई."

भाई, रंगीत मासे खुशाल वीक. यांना मात्र वेगळी टाकी दे. पावसाळा सरल्यावर डोह मोकळा झाला तर तिथं सोडू, नाहीतर वरच्या अंगाला दुसरा शोधू. त्या वाटेवर अब्बांना आता हाताला धरावं लागतं, आणि माझा हात ते धरत नाहीत.

पोचल्याचा फोन मला करू नकोस. त्यांना कर. कधी नव्हे तो मोबाईल खिशात घालून ओट्यावर बसलेत.

तुझी वाट बघणाऱ्यांपैकी एक,
महेजबीन