समोरच्या काचा

माय,

आपल्या ओसरीवर आता दुपारनंतर ऊन येतं. तुला हे पटायचं नाही. आपलं घर उगवतीला तोंड करून, त्यामुळे दिवस डोक्यावरून कलला की ओसरी गार व्हायची. खानावळीतली शेवटची पंगत उठली, की तू त्या शहाबादी फरशीवर उताणी पडायचीस आणि म्हणायचीस, "आता मला कुनी हाक मारू नका." त्याच फरशीवर आता उन्हाळ्यात दुपारी पाय ठेववत नाही. ऊन मावळतीकडून निघतं, समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटतं आणि परत फिरून आपल्या दारात येतं. अंगणातल्या लिंबाची काचेकडची बाजू वाळून गेली, घराकडची हिरवी आहे. पाहणाऱ्याला वाटतं दोन झाडं आहेत.

तू गेलीस तेव्हा समोर माळ होता. शिरूर कासारकडची मेंढरं उन्हाळ्यात तिथं बसायची आणि त्यांची माणसं आपल्याकडं ताक मागायला यायची. त्यातलंच एक कुटुंब पुढं आपल्या शेजारी घर बांधून राहिलं. त्या घरातली वहिनी माझ्याच वयाची आहे, शेळ्या पाळते. दुसऱ्या बाजूला कोपऱ्यावर किराणावाले आप्पा आहेत. तू त्यांना शेवटचं पाहिलंस तेव्हा ते नुकतेच त्यांच्या वडलांच्या गादीवर बसू लागले होते, कपाळाला भस्म लावून गुळाची ढेप फोडत. आता त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्यात. माळ विकला गेला आणि तिथं सात मजली काचेची इमारत होणार असं कळलं, तेव्हा गल्लीत सगळ्यांत जास्त आनंद आप्पांना झाला. "आता बग," ते मला म्हणाले, "बीडचे डाक्टर, वकील हितं राह्यला येत्याल. आपली गल्ली लई पुढं जानार हाय." त्यांनी गल्लीत पेढे वाटले, दुकानाला नवा रंग दिला, बिस्किटांचे महागाचे पुडे आणून ठेवले. मीही खानावळीची बाकडी बदलली. आपल्या तालुक्यात लिफ्ट म्हणून कुणी पाहिली नव्हती. तेलगाव, वडवणीहून बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून आमच्या गल्लीत यायची, टोपी सांभाळत वर बघायची आणि काचेत आपलंच गाव उलटं दिसतं म्हणून हसायची.

पहिल्या उन्हाळ्यातच हसणं कमी झालं. काचेवरून येणारी उन्हाची तिरीप गल्लीभर सरकत जायची. आधी वहिनीच्या गोठ्यावर, मग आपल्या दारात, मग आप्पांच्या दुकानात. वहिनी म्हणायची, "कुनाला तरी हुडकल्यावानी फिरतंय बघा हे." आप्पांच्या पुढच्या फळीवरच्या चॉकलेटी विरघळल्या, तेव्हा त्यांनी दुकानाला गोणपाटाचा पडदा लावला, पण इमारतीला नावं ठेवू दिली नाहीत. मग पाखरं मरू लागली. सकाळी झाडायला निघालं की इमारतीच्या फाटकाशी एखादी साळुंकी, एखादा राघू मान मोडून पडलेला. काचेत आभाळ दिसायचं ना त्यांना. वहिनी ती पाखरं उचलून उकिरड्यावर न टाकता लिंबाखाली पुरायची. "कावून पुरतीस?" मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "उगं बाहेर पडलेली दिसाया नको. लेकरं इचारत्यात."

डॉक्टर, वकील आले नाहीत. चार-पाच बिऱ्हाडं आली, तीही कुठली कुठली. त्यांत सहाव्या मजल्यावर एक नवरा-बायको आले. दोघंही शाळेत शिकवून निवृत्त झालेले. सरांची डावी बाजू वारं गेल्यामुळं लुळी, ते खुर्चीत बसून असायचे. बाई मात्र हिंडत्या-फिरत्या, धुवट सुती साडीतल्या. लिफ्ट आहे, मोठी मोरी आहे, सरांना बरं पडेल म्हणून त्यांनी हे घर घेतलं होतं. पहिल्याच वैशाखात एका दुपारी त्या आपल्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद. म्हणाल्या, "थोडा वेळ बसू का तुमच्याकडे? वर खिडक्या उघडतच नाहीत हो. इमारतीची वीज गेली की भट्टी होते." आत पंख्याखाली त्यांना बाज टाकून दिली. माय, मला तुझा टेबलफॅन आठवला. मी दहावी पास झाले म्हणून तू बीडहून उराशी धरून आणलेला तो निळ्या पात्यांचा पंखा. गल्लीतला पहिला. मी तो माझ्या खोलीत नेऊन ठेवला, तर तू तो उचलून पुन्हा दारात आणून लावलास. दिवसभर शेजारपाजारच्या बायका त्याच्यासमोर बसून गेल्या आणि मी रुसून चुलीपाशी. बक्षीस मला होतं, वारा मात्र सगळ्यांना. बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना झोप लागली. त्यानंतर ऊन वाढलं की त्या रोज येऊ लागल्या. सरांच्या अंगावर ओला पंचा टाकून, घाईघाईनं, घटकाभर.

इमारत बांधणारा माणूस येईनासा झाला. आधी म्हणे पुण्याला आहे, मग म्हणे फोनच लागत नाही. पहारेकरी एक दिवस आपली वळकटी घेऊन निघून गेला. लिफ्ट बंद पडली ती पडलीच. संध्याकाळी मी दिवा लावताना समोर बघायची, उजेडाच्या खिडक्या एकेक करून कमी होत गेल्या. शेवटी सहाव्या मजल्यावरची तेवढी उरली. सर जिने उतरू शकत नव्हते आणि रिकाम्या इमारतीतलं घर घ्यायला कुणी तयार नव्हतं. फाटकावरच्या मोठ्या फलकावर एक हसरं कुटुंब होतं, उन्हानं त्यांचे चेहरे पार उडाले, कपडे तेवढे राहिले. आणि भर दुपारी, सगळं सामसूम असताना, वरून आवाज यायचा. टक्. कुणी नखानं तांब्या वाजवावा तसा. मग पुष्कळ वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. तापलेली काच बोलते, असं बाई म्हणायच्या. मला वाटायचं, ही काही सांगतेय आणि आम्हाला ते कळत नाहीये.

पाण्यावरून गल्ली फाटली. इमारतीसाठी खोल बोअर पाडली होती, तेव्हापासून आपला हापसा नुसती हवा ओढायचा. पुढं त्यांचीही बोअर आटली. मग गल्लीसाठी टँकर येऊ लागला तेव्हा आप्पांनीच सगळ्यांना दुकानासमोर बोलावलं आणि सांगितलं, "काचवाल्यास्नी एक घागर बी द्यायची न्हाई. आपलं पानी त्यांनीच पेलंय." ज्या माणसानं पेढे वाटले होते, तोच. मी म्हणाले, "आप्पा, बोर पाडनारा पळाला. ही बाई कुठं पळाली? तिनं काय केलं?" ते म्हणाले, "ती तिथं ऱ्हाती. तेवढं बास हाय." त्या दिवसापासून बाई टँकरच्या रांगेत आल्या की बायका घागरी जवळ ओढून घ्यायच्या. मी त्यांना आपल्या रांजणातलं पाणी द्यायची, मागच्या दारानं. तुझ्याकडून एकदा उलथण्याचा फटका खाल्ला होता ना मी, एक ड्रायव्हर अजून बोटं चाटत बसलेला असताना त्याचं ताट उचललं म्हणून. "बसल्याल्या मान्साला उठवायचं न्हाई," म्हणाली होतीस. बाईंना मागच्या दारानं पाणी देताना मला वाटायचं, तू असतीस तर पुढच्या दारानं दिलं असतंस.

मग एका दुपारी काच पडली. वारा नाही, काही नाही. दार सहज ओढून घ्यावं तसा आवाज झाला आणि मग इतका मोठा, की माझ्या हातातली परात खाली पडली. वहिनीच्या शेळ्या फाटकाशी सावलीला बसल्या होत्या. त्यातल्या गाभण शेळीवर आली ती. वहिनी ओरडली नाही. रस्त्यावर बसून शेळीच्या अंगावरचे तुकडे वेचत राहिली, बोटं कापत होती तरी. आप्पा पडदा बाजूला सारून बाहेर आले आणि त्यांनी वर बघितलं. वर, जिथून काच गेली होती, तिथं एक काळं भोक दिसत होतं. बाकी सगळीकडं आभाळ.

तक्रारी झाल्या. साहेब लोक येऊन दोरी बांधून गेले, धोका आहे म्हणून पाटी लावून गेले. ज्याची इमारत त्यानं बघावं म्हणाले. बाई दोरीखालून वाकून ये-जा करायच्या.

वावधान आलं तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता. बालाघाटाच्या बाजूनं धुळीची भिंत उठली आणि गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली. बाई पाण्याला आल्या होत्या. पहिल्या झोतातच वरची एक काच सुटली, पत्र्यासारखी गिरक्या घेत इमारतीमागच्या उरलेल्या माळाकडं गेली. दुसरी फाटकात फुटली. बाईंच्या हातातून बादली सुटली आणि त्या पळाल्या. वहिनीनं त्यांना दोन्ही हातांनी कवळा घालून धरलं. "मरसाल वो बाई, थांबा!" बाई नुसतं म्हणत होत्या, "ते एकटे आहेत. ते एकटे आहेत वर." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. वर्गात एकच गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा सांगावी तसा तो आवाज होता. सगळी गल्ली आप्पांच्या पत्र्याखाली उभी होती. कुणी हललं नाही.

आप्पाच हलले. ते माझ्या स्वयंपाकघरात घुसले आणि तुझी कणीक मळायची मोठी पितळी परात उचलून डोक्यावर धरली. "आणखी हायेत का गं?" मी होत्या तेवढ्या सगळ्या काढल्या. एक त्यांच्या मुलाला दिली, एक वहिनीच्या नवऱ्याला, एक मी घेतली. "तू कावून?" आप्पा ओरडले. मी म्हणाले, "घर मला म्हाईत हाय." आम्ही पराती धरून रस्ता ओलांडला. परातीवर बारीक काच पडत होती, तांदूळ पाखडल्यासारखी.

आत जिन्यात अंधार आणि असली गरमी, की श्वास अडायचा. मजल्या-मजल्यावर दारं उघडी, आत रिकाम्या खोल्या, आणि त्या खोल्यांच्या काचा वाऱ्यानं आत-बाहेर होत होत्या. माय, मी डोळ्यांनी पाहिलं. झोपलेल्या जनावराचं पोट हलावं तशा. सहाव्या मजल्यावर सर दिवाणखान्याच्या मधोमध खुर्चीत बसले होते, भिंतींपासून होता होईल तेवढं लांब. त्यांनी चांगल्या हातानं खुर्ची तिथवर ओढत नेली असणार. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मग खाली गल्लीकडं, आणि जड जिभेनं म्हणाले, "आप्पा, तुमच्या दुकानाचा पत्रा उडाला." आप्पा म्हणाले, "उडू द्या, सर. पाय वर घ्या."

खुर्चीसकट त्यांना उतरवलं. जिन्याच्या वळणावर प्रत्येक वेळी खुर्ची तिरकी करावी लागायची, सर आप्पांचा सदरा मुठीत धरून ठेवायचे. फाटकाबाहेर पडलो आणि मागं वरचा एक अख्खा पट्टा सुटला. मी वळून पाहिलं नाही. आप्पा सगळ्यांत मागं होते. परात डोक्यावर होती, पण पायांना परात कुठून असणार. टाचेच्या वर, शिरेत काच गेली. रस्ता ओलांडून सरांची खुर्ची त्यांनी आपल्या ओसरीवर नीट टेकवली, आणि मग बसले. बाईंनी आपल्या साडीचा पदर फाडून त्यांचा पाय बांधला. आप्पा त्यांच्याकडं बघत म्हणाले, "पानी द्या बाई थोडं." बाई आत गेल्या आणि आपल्या रांजणातून तांब्या भरून आणला. एवढंच.

आता आप्पा त्यांच्या मुलीकडं लातूरला आहेत. पाय ओढत चालतात. दुकान बंद आहे, मुलगा म्हणतो विकायचं, पण काचेसमोरचं दुकान कोण घेणार? वहिनीनं शेळ्या विकल्या आणि लेकरं माहेरी ठेवली. गल्लीत आणखी दोन घरांना कुलपं लागली. सर आणि बाई आपल्या पुढच्या खोलीत राहतात. इमारत उभी आहे. जेवढ्या काचा पडल्या, त्याहून कितीतरी जास्त अजून वर आहेत. त्या कुणी काढायच्या हे ठरत नाही, कारण ती कुणाची आहे हेच आता कुणी सांगत नाही. परवा पुन्हा वारा सुटला. सरांनी जेवता जेवता घास हातात धरून ठेवला, आणि आम्ही तिघंही वारा थांबेपर्यंत तसेच बसलो. दुपारी अजूनही आवाज येतो. पूर्वी मध्ये पुष्कळ वेळ जायचा. आता जात नाही.

तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की मी चुलीपाशी बसून वाचून दाखवायची, आणि तुला सोसणार नाही असं वाटलं ते मनातल्या मनात गाळायची. हेही तुला वाचून दाखवायचं असतं तर मी आप्पांच्या पायापाशी थांबले असते. पाठवायचं नाही म्हणून पुढचं लिहिते. परवा बाईंनी विचारलं, "त्या दिवशी अंधारात तुम्हाला आमचं घर कसं हो सापडलं? तुम्ही तर कधी वर आला नव्हतात." मी म्हणाले, अंदाजानं. खरं म्हणजे इमारत नवी होती तेव्हा ते घर दाखवायला उघडं ठेवत. चांगली साडी नेसून, कुणाला न सांगता, मी गेले होते. त्या काचेपाशी उभी राहिले. आत गार होतं. खाली आपलं घर होतं, धुराडं होतं, दारात जेवायला आलेली माणसं होती, आणि त्यांतल्या कुणाचीच हाक मला वर ऐकू येत नव्हती. मला तिथून उतरावंसं वाटलं नव्हतं, माय.