जड गिअर

गेंट, ४ मार्च

ती. बाबांस ग्रीतचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळे होता, म्हणून लिहितेय. तुमच्या रविवारच्या क्लबातले रेमीकाका परवा माझ्या सायकल-दुकानात आले होते. म्हणाले, बहात्तराव्या वर्षी तुझा बाप ओडील दगडी चढ जड गिअरवरच चढतो, सगळे थक्क होतात. मला मात्र ते खटकलं. चाळीस वर्षं हेच दुकान चालवताना तुम्ही गिऱ्हाइकांना ओरडत आलात, की चढाआधी गिअर हलका करा, गुडघे काय उसने आणलेत? बोटांनी गिअरचा लिव्हर दाबला जात नाही, असंच ना?

सोबत विजेवरचे गिअर पाठवतेय. बटणाला बोट टेकवलं की झालं. रागवा हवं तर, पण बसवा. माया आहेच, ती रागातही राहू द्या.

तुमची,
ग्रीत

झोटेगेम, ९ मार्च

चि. ग्रीतला अनेक आशीर्वाद.

खोकं मिळालं. पलंगाखाली ढकललंय. तार ओढली की साखळी कुठं गेली ते बोटाला कळतं. बटणातून काय कळणार? दारावरची घंटा दाबल्यासारखं दाबायचं नि वाट बघायची.

जानेवारीपासून उजवी बोटं ऐकत नाहीत, हे खरं. पहिल्यांदा तसाच जड गिअरवर चढलो, तर सगळ्यांनी पाठ थोपटली. मग सांगायचं राहूनच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच चाललं तर उन्हाळ्यात सायकल बंद. तुझी आई गेल्यापासून मला रविवारच तेवढा उरलाय. भीती वाटते गं.

सांभाळून राहा.
बाबा

झोटेगेम, २३ मार्च

चि. ग्रीतला आशीर्वाद.

बसवले. आज चढाच्या तोंडाशी बटण दाबलं, तर गिअरची ती मोटर अशी किरकिरली की मागच्या सगळ्यांनी ऐकलं. लाजेनं मान खाली घातली. कुणी हसलं नाही. उलट मागे एकेकाचे गिअर खटाखट हलके होत गेले.

वर कॉफीला रेमी म्हणाला, गाढवा, तू जड गिअर सोडेनास म्हणून आम्हीही दोन महिने तसेच मरतोय. मग हळूच हात पुढे केला. त्याचीही बोटं वाकत नाहीत. त्यालाही हेच बसवून हवंय, नि मी शब्द देऊन बसलोय.

पण पोरी, माझे बसवायलाच मला नऊ दिवस लागले. बारीक वायर चिमटीत धरता येत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शनिवारी ये. तुझे हात हवेत.

वाट पाहणारा,
बाबा