वजा तीन

३ जानेवारी
मापाच्या वहीची शेवटची पानं कोरी होती. तिथून उलटं लिहायला घेतो. गिऱ्हाईक: मी स्वतः. कंबर: ४२. साखर: असायला हवी त्याच्या दुप्पट.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला बारीक तार टोचत गेल्या. जाणवलं की हो म्हणायचं. दहा जागा होत्या. सात जाणवल्या. मी खूश होतो, शाळेत सत्तर टक्के कधी पडले नव्हते. बाई खूश नव्हत्या. म्हणाल्या, पाय सांभाळा. तीन महिने देते. गोड बंद, रोज पाऊण तास चालणं, कंबर चार इंच खाली. नाहीतर रोज इन्शुलिनची सुई. मी म्हणालो, एकतीस वर्षं सुईशीच संसार केलाय. बाई हसल्या नाहीत. हीसुद्धा हसली नाही.

परत येताना ही एवढंच म्हणाली, अहो, पाय गेला तर मशीन कोण चालवणार?

निश्चय: उद्यापासून पहाटे साडेपाच.

४ जानेवारी, सकाळी ८.१०
थंडी. थंडीत काय करायचं याबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या नव्हत्या.

दुपारची भर: शांतपणे विचार केला. माझी मशीन पायाची. रोज सात तास पायडल. म्हणजे एकतीस वर्षं मी बसल्या बसल्या चालतोच आहे. पृथ्वीला एक फेरी सहज झाली असेल. हिला हे सांगितलं. ही म्हणाली, मग अजून दुकानातच कसे?

७ जानेवारी
चालायला गेलो. बूट, मफलर, पाण्याची बाटली. दुकानाला लागून असलेल्या बेकरीपर्यंत काही त्रास झाला नाही. बेकरीवाल्याने बसवून घेतलं. त्याला पँट शिवायची आहे. बोलता बोलता तुटक्या बिस्किटांची बशी पुढे केली. गोड बंद याचा अर्थ अख्खं बिस्किट बंद. शिवाय तुटताना बरीचशी साखर खाली सांडते. बशीत दिसत होती.

बशी खरकटी राहू नये म्हणून तीही चाटून पुसून.

११ जानेवारी
हिने माझी टेप फेकून दिली. मला न विचारता. बावीस वर्षांची टेप. पुढची तीन इंचं झिजून तुटली होती, त्यामुळे ती तिनापासूनच सुरू व्हायची. आकडा वाचायचा, तीन वजा करायचे, वहीत लिहायचं. आता ते डोकं करत नाही, हातच करतो.

हिने नवी आणली. पिवळी, टोकाला पितळेची पट्टी. म्हणाली, नवी सुरुवात करताय ना, मग नवी टेप. रोज माप घ्या.

घेतलं. ३९!

आठ दिवसांत तीन इंच.

१२ जानेवारी
पुन्हा ३९. टेप ओढली नव्हती. श्वास सोडून घेतलं.

मावशींना सांगितलं. मावशी काज-बटणं करतात, दुकानात माझ्याहूनही जुन्या. म्हणाल्या, मास्तर, पँट तर तितकीच आवळतेय. मी म्हणालो, कापडाला उशिरा कळतं.

हिने माझ्या पोटाकडे बराच वेळ बघितलं. आनंद झाला की ती बोलत नाही.

संध्याकाळी बेकरीवाल्याचं माप घेतलं. कंबर ३७. दिसतो त्यापेक्षा बराच बारीक आहे.

२० जानेवारी
चालणं तूर्त स्थगित. इतक्या झपाट्याने उतरणं शरीराला झेपत नाही. तोल राहावा म्हणून संध्याकाळी एक क्रीम रोल. औषध म्हणूनच.

२८ जानेवारी
बेकरीवाल्याने पँट घालून पाहिली. बटण लागेना. घोटे उघडे. त्याला स्पष्ट सांगितलं, बाबा रे, पंधरा दिवसांत तीन इंच वाढलास. सांभाळ. दिवसभर भट्टीपाशी बसून दुसरं काय होणार? माझं उदाहरण दिलं. तो म्हणाला, कंबर वाढली असेल मास्तर, पण पाय पण वाढले का माझे?

चाळिशीनंतर उंची वाढत नाही असं म्हणतात. कुणी नीट मोजून बघितलंय असं वाटत नाही.

५ फेब्रुवारी
वकीलबाईंच्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर. पोस्टमनला शर्ट छातीवर घट्ट. सगळ्या भागाची तब्येत बिघडत चाललीय. सुधारतोय तो मी एकटा. काउंटरवर पाटी लावली: चाला, निरोगी राहा. अक्षर चांगलं आलंय.

मावशी तीन दिवस नुसत्या उसवतायत. आज म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. कुणाबद्दल ते विचारलं नाही. आजकाल त्या स्वतःशीच बोलतात.

९ फेब्रुवारी
मावशींनी विचारलं, मास्तर, नव्या टेपमधनंही तीन वजा करता का हो?

मशीनला तेल घालायचं राहिलं होतं. घातलं.

१० फेब्रुवारी
गिऱ्हाइकांची मापं आजपासून वजाबाकीशिवाय. चूक मान्य करायला मन मोठं लागतं. मावशींना म्हणालो, हिने टेप आणताना तसं सांगायला हवं होतं. मावशींनी दातात दोरा धरला होता, म्हणून काही बोलता आलं नसावं.

माझं माप मात्र जुन्याच पद्धतीने. मधेच पद्धत बदलली की तुलना चुकते. आज ४०. म्हणजे किंचित वाढ. क्रीम रोल आजपासून अर्धाच. उरलेला अर्धा दुपारी.

२ मार्च
४१. पाणी साठलं असणार.

नवा निश्चय. रस्त्यावर धूळ, गाड्या, ओळखीचे लोक. त्यापेक्षा दुकानातच कापायच्या टेबलाभोवती शंभर फेऱ्या, अनवाणी. अनवाणी चालल्याने पायाला जाग येते असं ऐकलंय. सतरा झाल्या आणि गिऱ्हाईक आलं. सतरा ही सुरुवात वाईट नाही.

१९ मार्च
फेऱ्या सरासरी अकरा.

आज मावशींनी मान वर केली. म्हणाल्या, मास्तर, चालताना फरशीवर टकटक काय वाजतंय? मी म्हणालो, मशीन. त्या म्हणाल्या, मशीन बंद आहे.

डाव्या पायात टाचणी होती. पूर्ण आत, बाहेर फक्त डोकं. कधीची ते सांगता येत नाही. भोवतालचं रक्त वाळलं होतं. मी म्हणालो, बघा, व्यायामाने पाय किती कणखर झालाय. मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं आणि हिला फोन केला. मावशी हातातलं काम कधी खाली ठेवत नाहीत.

ही घरच्या चपलांतच आली. फरशीवर बसली, माझा पाय मांडीवर घेतला, चष्मा लावला, टाचणी काढली, पुसून डबीत ठेवली. मग मला म्हणाली, डोळे मिटा. विचारत गेली, इथं? हो. इथं? हो. इथं? हो.

म्हणाली, शेवटच्या दोन वेळा मी हात लावलाच नव्हता.

मावशी उठून बाहेर पाणी प्यायला गेल्या. पाण्याचा माठ आत आहे.

२० मार्च, सकाळी ६.३०
पाऊण तास. खरोखरचा. मलमपट्टी, मोजे, बूट, ही शेजारी. बेकरी आली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. बेकरीवाल्याला वाटलं प्रेम.

२७ मार्च
आठवा दिवस. एकही खाडा नाही. ही आजारी पडेल असं रोज वाटतं. पडत नाही.

बेकरीवाला नव्या पँटमध्ये दिसला. छान बसलीय. त्याने बशी पुढे केली नाही. हिने त्याला गाठलं असणार. मी विचारलं तर म्हणाला, वहिनींनी सांगितलंय, पाय राहिला तर पुढची पँट शिवून मिळेल.

३ एप्रिल
तपासणी.

डॉक्टरीणबाईंची टेप कोरी करकरीत होती, शून्यापासून. ४३. माझ्या तोंडून निघून गेलं, वजा... बाई म्हणाल्या, काय वजा? ही म्हणाली, काही नाही, लिहा तुम्ही.

म्हणजे जानेवारीपेक्षा एक जास्त. खरं तर महिन्याभरात एक इंच उतरलीय. दोन मार्चला चव्वेचाळीस होती. पण ते बाईंना पटवायचं तर वजाबाकीची सगळी हकीकत सांगावी लागली असती.

तार: दहापैकी सहा. साखर: वाढलेली. सुई आजपासून. बाई हिला म्हणाल्या, चालणं सोडू देऊ नका, पाय अजून हातात आहे. ही म्हणाली, हो. मी छताकडे बघितलं. पंख्याला धूळ होती.

सुई कशी टोचायची ते नर्सने शिकवलं. मला बघवेना. हिने शिकून घेतलं. हात सरळ आहे तिचा. नर्स म्हणाली, पोटावर जिथं चिमूट मिळेल तिथं धरा.

हिला शोधावी लागली नाही.